टाइप वन डायबेटीस निघाल्यापासून पोट सारखं दुखतंय: काय काय तपासलं, काय निघालं

आत्ता हे वाचताना पोट दुखत असेल तर वाचन नंतर. आधी साखर मोजा, आणि ती कितीही येवो, कीटोनही (चरबी जळताना रक्तात साठणारी आम्लं) बघा. रक्तातले कीटोन ०.६ (मिलिमोल प्रति लिटर) च्या खाली असले तर त्या बाजूने काळजी नाही. ०.६ ते १.५ असले तर पाणी पीत राहायचं, आजारपणासाठी डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं इन्सुलिन घ्यायचं आणि दोन तासांनी परत बघायचं. १.५ ओलांडले की डॉक्टरांना फोन. ३ ओलांडले की सरळ हॉस्पिटल. उलट्या थांबत नसतील, श्वास खोल आणि भरभर चालला असेल, तोंडाला अति पिकलेल्या फळासारखा वास येत असेल किंवा माणूस पेंगुळला असेल, तर मोजमाप करत बसू नका, १०८ लावा.

हे सगळ्यात वर लिहितोय, कारण मला हे कळलं तेव्हा मला सलाइन लावलेलं होतं.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. पर्वरीला एका कचेरीत हिशेबाचं काम करतो, जाणं-येणं स्कूटरवर. गेल्या वर्षी मार्चमध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, टाइप वन निघाला. तोपर्यंत पोटाची तक्रार म्हणजे जत्रेतली भजी जास्त झाली तर होणारी, तेवढीच. मार्चनंतर मात्र आठवड्यातून दोन-तीनदा पोट धरून बसायची वेळ यायला लागली. कोणी म्हणालं पित्त, कोणी म्हणालं टेन्शन. आजीने दृष्ट काढली. शेजारच्या वहिनींनी रिकाम्या पोटी कारल्याचा रस सांगितला, तो चार दिवस घेतला आणि पोट आणखी पेटलं. एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि "नवीन नवीन असं होतं, सवय होईल" म्हणाले.

सवय झाली नाही. शेवटी जे कळलं ते असं: दुखणं एक नव्हतंच. वेगवेगळी कारणं पाळीपाळीने येऊन जात होती आणि मी एकच आजार समजून एकच गोळी शोधत होतो. शिवाय "डायबेटीस झाल्यापासून दुखतं" म्हणजे डायबेटीसमुळे दुखतं, हेही मी गृहीत धरलेलं. निदानाच्या त्या एका आठवड्यात माझं खाणं बदललं, औषधं बदलली, पोटात दिवसातून चार सुया जायला लागल्या. यातलं कुठलंही दुखवू शकतं.

वहीत काय लिहायचं

ॲप वगैरे नको, साधी वही पुरते. दुखायला लागलं की वेळ, त्या वेळची साखर, कीटोन, गेल्या सहा तासांत काय खाल्लं, इन्सुलिन कधी, किती आणि कुठल्या पेनमधून. आणि दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येते का, की पूर्ण पंजा ठेवावा लागतो. हा शेवटचा प्रश्न मला वॉर्डातल्या नर्सबाईंनी शिकवला. बोटाने दाखवता येणारं दुखणं आणि पंजाने दाखवावं लागणारं दुखणं यांत बराच फरक असतो म्हणाल्या.

साखर मोजताना हात धुवा. हसू नका. मे महिन्यात मानकुराद आंबा कापून तशाच बोटाला सुई टोचली, तर मीटर ३०० दाखवतो आणि माणूस घाबरून नको तेवढं इन्सुलिन घेतो. मी घेतलंय.

संध्याकाळचं दुखणं: स्कूटरची डिकी

वहीतला पहिला गठ्ठा संध्याकाळचा निघाला. कामावरून घरी आलो की पोटभर, म्हणजे खरोखर पंजाभर, दुखायचं. सोबत मळमळ आणि न भागणारी तहान. साखर कधी ३४०, कधी ३८०. शनिवार-रविवारी काही नाही. साहजिकच मी कामाच्या ताणाला दोष दिला.

जेवणाआधीच्या इन्सुलिनचं पेन मी स्कूटरच्या डिकीत ठेवायचो. डबा, रेनकोट आणि पेन. स्कूटर दिवसभर कचेरीबाहेर उन्हात. मे महिन्यात त्या डिकीतून काढलेल्या पाण्याच्या बाटलीने हात भाजतो, पण पेनाचं लक्षात आलं नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायचं. वापरात असलेलं पेन बाहेर चालतं, पण साधारण ३० अंशांच्या आत आणि बहुतेक प्रकारांत २८ दिवसांपर्यंतच. त्याहून तापलं की त्याची ताकद उतरत जाते. आणि वाईट म्हणजे ते दिसत नाही. गढूळ झालं, गुठळ्या दिसल्या तर फेकून देणारच, पण उतरलेलं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छही दिसू शकतं. फ्रीजमध्येही बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. एकदा गोठलं की तेही गेलं.

इन्सुलिन कमी पडलं की शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळतं. त्यातून कीटोन तयार होतात, रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं, पोटाची हालचाल मंदावते, मळमळतं, दुखतं. पुष्कळांना टाइप वन असल्याचं पहिल्यांदा कळतं तेच अशा दुखण्यातून, ॲपेंडिक्स समजून धावल्यावर.

त्यात मी घोडचूक केली. एका शुक्रवारी उलट्या झाल्या. काही खाणार नव्हतो, म्हणून इन्सुलिन घेतलं नाही. रात्रीचं, चोवीस तास चालणारं, तेही नाही. उपाशीपोटी घेतलं तर साखर पडेल ही भीती. आजीने "पेज जेव आनी न्हिद" म्हणून उकड्या तांदळाची पेज दिली, ती दोन वाट्या प्यायलो आणि स्वतःला उपाशी समजत राहिलो. पहाटे श्वास धापेसारखा लागला तेव्हा भावाने गाडी काढली आणि बांबोळीचं हॉस्पिटल गाठलं.

टाइप वनमध्ये रात्रीचं, म्हणजे बेसल इन्सुलिन बंद करायचं नाही. जेवलात, नाही जेवलात, उलट्या झाल्या, तरी नाही. आजारपणात गरज बहुधा उलट वाढते. डोस कमी-जास्त करायचा असेल तर डॉक्टरांना विचारून, पण शून्य कधीच नाही. या अख्ख्या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर हे राहू दे.

सलाइन आणि इन्सुलिन सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट शांत झालं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की रक्तातलं आम्ल उतरलं की दुखणंही उतरायला हवं. आम्ल उतरूनही पोट दुखतच राहिलं, तर ते कीटोनचं नाही. मग ॲपेंडिक्स, पित्ताशय, स्वादुपिंडाला सूज, असं दुसरं काही शोधावं लागतं. माझं ॲमायलेज (स्वादुपिंडातलं एक पाचक द्रव्य) थोडं वाढलेलं आलं आणि घरचे घाबरले. पण कीटोनच्या झटक्यात ॲमायलेज आणि लायपेज तसेही वाढू शकतात, तेवढ्यावरून स्वादुपिंडाची सूज म्हणत नाहीत.

कीटोन तपासायच्या पट्ट्यांबद्दल थोडं. रक्ताच्या पट्ट्या महाग आहेत, पण त्या आत्ताची स्थिती सांगतात. लघवीच्या स्वस्त आहेत, पण त्या काही तासांपूर्वीची गोष्ट सांगतात, आणि त्या वेगळ्या प्रकारचा कीटोन मोजतात, त्यामुळे तुम्ही बरे होत असतानाही गडद रंग दाखवू शकतात. काहीच नसण्यापेक्षा त्या बऱ्या. फक्त डबीचं झाकण गच्च लावा. आपल्या पावसाळ्यात मीठ पाणी सोडतं तिथे या पट्ट्या काय टिकणार! ओलावा लागलेली पट्टी खोटं बोलते. डबी उघडल्याची तारीख झाकणावर लिहून ठेवा.

पेन आता माझ्यासोबत कचेरीत येतं, टेबलाच्या खणात. घरी वीज गेली तर माठात. मात्र माठ बाष्पीभवनाने थंड होतो, जून-जुलैतल्या दमट हवेत तो एप्रिलइतका थंड राहत नाही, हे धरून चाला.

दोन किरकोळ कारणं

दुपारी चार-पाचच्या सुमाराला मुरडा, गुरगुर, वारा सरणं, साखर आणि कीटोन ठीक. कारण: शुगर-फ्री बिस्किटं. नातेवाईक हॉस्पिटलात भेटायला येताना सफरचंदाऐवजी शुगर-फ्रीचे पुडे घेऊन आले होते. पाकिटावर बारीक अक्षरात माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असं काही लिहिलेलं असेल तर ते आतड्यात नीट शोषलं जात नाही, पुढे जाऊन आंबतं. पुडे संपले, मुरडा संपला. त्यांत कर्बोदकंही असतात ते वेगळंच. आणि साखर वर असताना लघवीवाटे इतकं पाणी जातं की शौचाला खडा होतो, त्यानेही खालचं पोट दुखतं. पाणी, भाजी, आणि साखर ताळ्यावर.

बेंबीच्या डावीकडे बोटाने दाखवता येणारं दुखणं सुईचं निघालं. एकाच जागी टोचून टोचून तिथे चरबीची मऊ गाठ झाली होती. झोपून मान उचला, पोट ताठ करा आणि दुखऱ्या जागी दाबा. दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं, आतलं नाही. गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी लागतं कधी लागत नाही, म्हणून तिथे टोचणं बंद करायचं. बेंबीपासून दोन बोटं अंतर सोडायचं, जागा फिरवत राहायची. सडपातळ माणसाला ४ मिलिमीटरची सुई पुरते.

सकाळचं दुखणं: पोदेराची (पाववाल्याची) पोई

याने मला सगळ्यात जास्त छळलं. सकाळी दहा-अकराला पोट फुगायचं, दुखायचं, कधी पातळ व्हायचं. साखर बरी, कीटोन शून्याजवळ. शिवाय मधूनच कारण नसताना साखर ६० वर उतरायची: नेहमीचं जेवण, नेहमीचं इन्सुलिन, तरी. वजन वाढत नव्हतं. रक्तात लोह कमी.

निदान झाल्यावर मला पहिला सल्ला काय मिळाला असेल? भात सोड. आमच्या घरी दोन्ही वेळ उकड्या तांदळाचं शीत (भात) आणि हुमण (माशांची कढी), नाश्त्याला बहुतेक पेज किंवा घावन. गव्हाचा संबंध चहासोबतच्या एका पावापुरता. मार्चनंतर एकदम सकाळी दोन पोई (गव्हाच्या कोंड्याचे पाव), दुपारी चपात्या, रात्री चपात्या. पोई कोंड्याची असते, साखरवाल्याला चांगली, असं गोव्यात कोणीही सांगेल. पोदेराचा भोंपू वाजला की आई पिशवी घेऊन दारात. माझ्यासाठी, प्रेमाने.

वही चाळताना जुलैत दिसलं: घरात श्राद्ध होतं, दोन दिवस पाव-चपाती काही नव्हतं, आणि त्या दोन दिवसांत दुखण्याची एकही नोंद नाही.

गव्हातल्या ग्लुटेनविरुद्ध शरीर उलटतं आणि लहान आतड्याचं अस्तर खराब होतं, त्या आजाराला सिलिअक म्हणतात. टाइप वनसारखाच हाही शरीर स्वतःवर उलटण्याचा आजार, दोघांच्या मुळाशी असलेली काही जनुकं सारखी. म्हणून टाइप वन असलेल्यांत तो इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. आपल्याकडे तो 'उत्तरेतल्या गहू खाणाऱ्यांचा आजार' मानला जातो, त्यामुळे भात खाणाऱ्या गोंयकाराच्या बाबतीत कोणाच्या डोक्यात येत नाही. गव्हाशी असलेला संबंधही तसा उशिराच कळला. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा सिलिअक असलेली मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाचा संशय त्यातून पक्का झाला. माझं श्राद्ध म्हणजे त्याच प्रयोगाची घरगुती आवृत्ती.

आता माझी चूक. संशय आल्या दिवशी मी गहू पूर्ण बंद केला. तीन आठवड्यांत पोट बरं झालं. मग तपासणीला गेलो, आणि डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रक्ततपासणी गव्हाला शरीराने दिलेला प्रतिसाद मोजते. गहूच नसेल तर प्रतिसाद ओसरतो आणि तपासणी खोटी चांगली येऊ शकते. मला परत रोज, दिवसातून एकाहून जास्त जेवणांत गहू खावा लागला, सहा आठवडे. ते सहा आठवडे शत्रूवरही येऊ नयेत. म्हणून संशय आला तरी तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका.

तपासणीचं नाव टीटीजी-आयजीए. सोबत एकूण आयजीएही (एक प्रकारची अँटिबॉडी) मोजायला सांगा, कारण काहींच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग पहिला रिपोर्ट फसवतो. टाइप वनच्या निदानाच्या वेळी टीटीजी किंचित वाढलेला येऊन पुढे आपोआप उतरल्याचंही दिसतं, म्हणून थोड्या वाढलेल्या आकड्यावर जन्मभराचं पथ्य सुरू करत नाहीत. माझा बराच वर होता, तरी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, मग शिक्कामोर्तब. मुलांच्या बाबतीत अमेरिकन डायबेटीस असोसिएशन टाइप वन निघाल्यावर लगेच, मग २ वर्षांच्या आत आणि पुन्हा ५ वर्षांनी ही तपासणी सुचवते, काही त्रास नसला तरी. घरात टाइप वनचं मूल असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा.

पथ्य म्हणाल तर गोव्यात ते इतरांपेक्षा सोपं, फक्त चोरवाटा माहीत हव्यात. तळलेल्या मासळीचा रवा गव्हाचा असतो. आमच्याकडे आता तांदळाचं पीठ लावतात, आणि हॉटेलात मी 'रवा फ्राय' घेत नाही. तांदळाच्या साध्या पिठातला मासा मागितला तरी तेल आधीच्या रव्याचंच, त्यामुळे कढी-हुमणावर भागवतो. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो, हे मला चार महिने कळलं नव्हतं. बियर बार्लीची, त्यातही ग्लुटेन. सान्ना, घावन, नाचणीची आंबील, सोलकढी यांना काही अडचण नाही. ज्या भाताला शत्रू ठरवलं होतं तो परत ताटात आला, मोजून आणि इन्सुलिनचा हिशेब करून. आतडं भरून यायला लागल्यावर अन्न नीट अंगी लागतं, त्यामुळे इन्सुलिनचा डोस बदलावा लागला. अचानक साखर पडणं जवळजवळ थांबलं.

तुमचं यातलं काहीच नसेल तर

गोळ्या बघा. मोठ्या वयात टाइप वन निघाला की सुरुवातीला टाइप टू समजून उपचार होणं नवं नाही. मलाही पहिले बारा दिवस मेटफॉर्मिन होतं, त्यानेही पोट बिघडू शकतं. पण खरा धोका डापाग्लिफ्लोझिनसारख्या 'फ्लोझिन' गोळ्यांचा. त्या लघवीतून साखर काढतात, त्यामुळे मीटरवर १८० दिसत असताना आत कीटोन चढलेले असू शकतात. वर 'साखर कितीही येवो' लिहिलं ते यासाठी. प्रकाराबद्दल शंका असेल तर गॅड अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड या तपासण्यांबद्दल विचारा.

इन्सुलिनची गरज उगाच घटत चालली आहे, उभं राहिलं की चक्कर, मीठ खावंसं वाटतं, कातडी काळवंडतेय आणि पोट दुखतंय, असं सगळं एकत्र असेल तर थांबू नका. ॲड्रिनल ग्रंथीचा ॲडिसन नावाचा आजार असू शकतो, त्यात सकाळचं कॉर्टिसॉल बघतात. तो दुर्मिळ आहे पण जीवावर बेततो. थायरॉइडसाठी टीएसएच तर टाइप वनमध्ये तसाही करतातच. थायरॉइड मंदावला की पोट साफ होत नाही. शौच तेलकट, तरंगणारी, उग्र वासाची असेल तर स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडताहेत का ते शौचातल्या इलॅस्टेजवरून कळतं.

इंटरनेटवर 'गॅस्ट्रोपॅरेसिस' वाचून मीही दोन रात्री झोपलो नव्हतो. डायबेटीसमुळे जठराच्या नसा निकामी होणं हे सहसा बऱ्याच वर्षांनंतरचं प्रकरण. नव्याने निदान झालेल्यात साखर खूप वर असताना जठर तात्पुरतं मंदावतं आणि साखर उतरली की सुधारतं. मात्र कित्येक महिने वर राहिलेली साखर फार झपाट्याने खाली आणली तर पुढच्या काही आठवड्यांत नसांची जळजळ सुरू होऊ शकते, बहुधा पायांत, कधी धडावरही. कातडीला कपडा लागला तरी पोट चुरचुरत असेल तर डॉक्टरांना हे सांगा.

आणि टाइप वन असलेल्याला साधं ॲपेंडिक्सही होतं. उजवीकडे खाली सरकत गेलेलं, ताप असलेलं, हलताना वाढणारं दुखणं वहीत लिहीत बसण्यासारखं नसतं.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या, मीटर न्या, सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, कारल्याच्या रसासकट सगळं कबूल करा. माझ्या तीन आठवड्यांच्या नोंदी बघायला त्यांना पाच मिनिटं लागली.

या चवथीला मैद्याच्या नेवऱ्यांचं (करंज्यांचं) ताट माझ्यासमोरून गेलं आणि आजीने वेगळ्या तव्यावर, वेगळ्या हातांनी (म्हणजे हात धुऊन, असं तिचं म्हणणं) माझ्यासाठी हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या. तांदूळ, खोबरं, गूळ. ग्लुटेनचा प्रश्नच नाही. पोट अजिबात दुखलं नाही. एका पातोळीतल्या गुळाला इन्सुलिन किती, ते मात्र अजून जमलेलं नाही. तीन खाल्ल्यावर २६० आली होती.